आरक्षण बदलले, सवलत हुकली!

रजा मंजूर झाली नाही, मुलांच्या परीक्षेचे वेळापत्रक पुढे सरकले, की पर्यटक हॉटेलला दूरध्वनी करून 'तारीख तेवढी बदला' असे सांगतो. त्याच्या दृष्टीने ही किरकोळ दुरुस्ती असते. हॉटेलच्या दृष्टीने मात्र तो बहुतेक वेळा नवा सौदाच ठरतो. जुन्या तारखांची खोली पुन्हा विक्रीसाठी खुली होते आणि नव्या तारखांचे भाडे बदलाच्या दिवशी चालू असलेल्या दराने आकारले जाते. आधी मिळालेली सवलत त्या भाड्याबरोबर आपोआप पुढे जात नाही.

याचे मूळ हॉटेलांच्या दररचनेत आहे. मागणीनुसार दर खाली-वर करण्याची पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतील विमान कंपन्यांनी रुळवली आणि पुढे मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी ती उचलली. त्यामुळे एकाच खोलीचे अनेक दर असतात आणि प्रत्येक दराला अटी चिकटलेल्या असतात. समजा, ४० खोल्यांच्या हॉटेलने एखाद्या रात्रीसाठी १० खोल्याच सवलतीत ठेवल्या. त्या संपल्या की ३० खोल्या रिकाम्या असूनही सवलतीचा दर बंद होतो. 'खोली आहे, पण त्या दरात नाही' हे स्वागतकक्षातील उत्तर ग्राहकाला टोलवाटोलवी वाटते. पण ते खरे असू शकते.

सर्वांत स्वस्त दर बहुधा 'परतावा नाही' या अटीवर मिळतो. अशा आरक्षणात तारीख बदलणे म्हणजे भरलेले पैसे गमावणेही ठरू शकते. महाबळेश्वरला दिवाळीच्या सुटीत जाण्याचे बेत दोन-तीन महिने आधी आखणाऱ्या कुटुंबांनी ही ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

कराचा फटका तर अनेकांच्या ध्यानातही येत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून एका दिवसाचे ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मूळ दर ८,००० रुपये असलेली खोली हॉटेलने १० टक्के सवलतीने ७,२०० रुपयांना दिली, तर करासह ७,५६० रुपये होतात. तारीख बदलून सवलत गेली, की तीच खोली ९,४४० रुपयांना पडते. भाड्यातील फरक ८०० रुपयांचा, खिशाला चाट मात्र १,८८० रुपयांची. तीही दर रात्रीमागे!

दिवस कमी केले तरी बिल त्या प्रमाणात उतरेलच असे नाही. 'दोन रात्रींच्या भाड्यात तीन रात्री' अशा योजनेतील एक रात्र वगळली, तर योजनाच रद्द होऊन उरलेल्या रात्री पूर्ण दराने मोजल्या जाऊ शकतात. गोव्यात नाताळ ते नववर्ष या काळात अनेक हॉटेले किमान काही रात्रींचा मुक्काम बंधनकारक करतात. तेथे मुक्काम कमी करण्याची विनंती थेट नाकारलीही जाते. मुक्काम वाढवायचा असल्यास जुन्या आरक्षणाला हात न लावता जादा रात्रीचे स्वतंत्र आरक्षण करावे आणि दोन्ही जोडून एकच खोली देण्यास सांगावे. जुन्या रात्रींची सवलत त्यामुळे टिकते.

आरक्षण कोणाकडून केले, यालाही महत्त्व आहे. संकेतस्थळामार्फत घेतलेल्या खोलीत बदल करण्याचा अधिकार अनेकदा हॉटेलला नसतो. ग्राहकाला पुन्हा त्या संकेतस्थळाकडेच जावे लागते. तेथे एकदा वापरलेले कूपन नव्या आरक्षणाला लागू होईलच, याची खात्री नसते.

विनामूल्य रद्द करण्याची मुदत शिल्लक असेल, तर नव्या तारखांची खोली आधी निश्चित करून मगच जुनी सोडणे श्रेयस्कर. उलट क्रमाने गेल्यास गर्दीच्या हंगामात दोन्ही खोल्या हातच्या जाण्याचा धोका असतो. ही मुदत परदेशातील हॉटेलांत सहसा तेथील स्थानिक वेळेनुसार मोजली जाते. बदललेला दर, कर आणि रद्द करण्याच्या नव्या अटी ई-मेलवर लेखी मागवून घ्याव्यात. कबूल केलेल्या दरापेक्षा अधिक रक्कम आकारली गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि तेथे हा लेखी पुरावा उपयोगी पडतो.