वंशावळीचा कागद आणि आखूड नाक

मोबाइल सेवेचे परवाने देताना दूरसंचार खात्याने मुंबई परिमंडळाची हद्द आखली, तेव्हा त्यात मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याण टेलिफोन्सचा भागही घेतला. मुलुंडचा नाका ओलांडल्यावर लागणारे ठाणे आणि पुढचे डोंबिवली-कल्याण अशा रीतीने एकाच परवान्यात आले. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीची जाहिरात दूरदर्शन संचांवर दिसू लागली. एक लहान मुलगा चालतो आहे आणि तो जाईल तिथे पग या आखूड नाकाच्या जातीचा एक कुत्रा त्याच्या मागे जातो आहे, एवढाच तिचा विषय. ऑगिल्वी अँड मेदर या जाहिरातसंस्थेने ती तयार केली होती आणि दिग्दर्शन प्रकाश वर्मांचे होते. मुंबई परिमंडळात ही कंपनी तेव्हा ऑरेंज या नावाने सेवा देत होती. हच हे नाव इथे २००५ मध्ये आले. नेटवर्क विकण्यासाठी केलेल्या त्या जाहिरातीने देशभर पगची मागणी वाढवली. दुकानदार आणि गिऱ्हाईक त्याला 'हचवाला कुत्रा' म्हणू लागले.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत हा कुत्रा कोणत्या हवेत आला, हेही कागदांवरून सांगता येते. राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन जून २००५ मध्ये महावितरण स्थापन झाली, आणि पुढची काही वर्षे कल्याण-डोंबिवलीकरांनी भारनियमन सोसले. खाडी आणि उल्हास नदी यांच्या कुशीतली ही गावे एप्रिल-मे महिन्यांत घामाने चिकट होतात. माणूस घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला ती सोय जवळपास नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि जीभ, तोंड, नाकाच्या आतली ओली त्वचा यांवरून पाण्याची वाफ होऊन त्याचे अंग निवते. हवा आधीच दमट असली की ही वाफ हळू होते. त्यातून नाकच आखूड असले, नाकपुड्या फटीसारख्या चिंचोळ्या असल्या आणि आखूड जबड्यात न मावणारा मऊ टाळू घशात लोंबत असला, तर धाप जितकी जास्त तितका श्वासमार्ग सुजतो आणि उष्णता वाढतच जाते. घरच्यांना रात्री ऐकू येणारे घोरणे त्यांना गोड वाटते. पशुवैद्याच्या लेखी ती श्वासमार्ग अडल्याची खूण असते.

हे नाक मुळात इतके आखूड नव्हते. याचा चांगला पुरावा लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चित्रकार विल्यम होगार्थने १७४५ मध्ये स्वतःचे चित्र काढले, त्यात त्याचा पग शेजारी बसलेला आहे. त्या कुत्र्याला स्पष्ट दिसणारे, पुढे आलेले नाक आहे आणि पायही आजच्या पगपेक्षा लांब आहेत. एका चित्रावरून सगळ्या जातीचे माप काढू नये, हे खरे. तरी पग म्हणून ओळखला जाणारा कुत्रा अठराव्या शतकात असा असू शकत होता, एवढे त्यावरून ठामपणे म्हणता येते.

बदल घडला त्याचे कागद एकोणिसाव्या शतकातले आहेत. १८५९ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे श्वानप्रदर्शन भरले, ते पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचे होते. १८७३ मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली आणि १८७४ मध्ये त्याच्या वंशावळीच्या नोंदवहीचा पहिला खंड निघाला. इथून पुढे कुत्र्याची किंमत दोन कागदांवर ठरू लागली. एक वंशावळ, म्हणजे बाप कोण, आई कोण. दुसरे जातीचे प्रमाणवर्णन, म्हणजे डोके कसे, शेपूट कसे, नाक कसे. पहिल्या कागदाने नोंदवहीचे दार बंद केले. बाहेरचे रक्त आत येणे थांबले. दुसऱ्याने परीक्षकाच्या हाती डोळ्यांनी पारखायचे माप दिले. वर्णनात आखूड लिहिले असेल तर त्याहून आखूड चेहऱ्याला बक्षीस मिळे, बक्षीस मिळालेल्या नराकडे अधिक माद्या आणल्या जात, आणि पुढच्या पिढीत तोच चेहरा पसरे. यात कुणाचा दुष्टपणा मला दिसत नाही. कुत्र्यांवर जीव असलेल्या माणसांनीच हे केले, म्हणून ते ओळखायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

बंद नोंदवहीचा परिणाम मोजला गेला तो २००८ मध्ये. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या कालबोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश केनेल क्लबच्या वंशावळी तपासल्या. बॉक्सर जातीचे सुमारे २०,००० कुत्रे त्यांच्यासमोर होते, पण त्यांच्यातली आनुवंशिक विविधता जेमतेम ७० कुत्र्यांएवढी भरली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला बीबीसीने जेमिमा हॅरिसन यांचा शुद्ध जातींच्या आजारांवरचा माहितीपट दाखवला. मेंदूपेक्षा कवटी लहान पडल्याने वेदनेने तळमळणारे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल त्यात प्रेक्षकांनी पाहिले. पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण सोडले. केनेल क्लबने २००९ मध्ये आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावंडांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली आणि अनेक जातींची वर्णने बदलली. जानेवारी २०१० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल आला. २०२२ मध्ये ब्रिटिश दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाने पगबद्दल सांगितले की, वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता त्याच्यात इतर कुत्र्यांच्या १.९ पट असते आणि आखूड चेहऱ्यामुळे होणाऱ्या श्वासरोधाची जवळजवळ ५४ पट.

दुसरी बाजूही कागदांवर आहे, आणि ती नीट वाचायला हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक रुग्णालयाच्या नोंदींवरून २०१३ मध्ये २४ आनुवंशिक आजारांची तुलना झाली. त्यांतले १० शुद्ध जातींत जास्त आढळले, १३ बाबतींत फरक दिसला नाही, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे हा एक आजार संकरित कुत्र्यांत जास्त निघाला. जबाबदार ब्रीडर म्हणतात की वंशावळ असते म्हणूनच आजाराचा माग काढता येतो. कागद नसलेल्या पिल्लाच्या आजोबांना काय झाले होते हे कुणाला सांगता येणार? हा मुद्दा मला मान्य आहे. मात्र वंशावळीत आजाराची नोंद घातली तरच तो खरा ठरतो. पूर्वजांची नुसती नावे आणि बक्षिसे लिहिली तर तिचा पशुवैद्याला उपयोग नाही.

एखाद्या कुत्र्याच्या आजारावरून जातीला दोष देऊ नये, याची आठवण ठाणे जिल्ह्याला जवळच्या एका कुत्र्यामुळे राहते. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकलेला मुंबई पोलिसांचा लॅब्राडॉर झंजीर मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई, मुंब्रा आणि ठाण्यात स्फोटके हुंगत फिरला. त्याने शोधलेल्या आरडीएक्सचा आकडा ३,३२९ किलो असा नोंदला आहे. नोव्हेंबर २००० मध्ये परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात हाडांच्या कर्करोगाने तो गेला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मोठ्या जातींत हा कर्करोग जास्त दिसतो. तरी झंजीरला तो जातीमुळे झाला असे म्हणायला आधार नाही. पगच्या नाकाची गोष्ट वेगळी आहे: तिथे आजार नशिबाने येत नाही, तो प्रमाणवर्णनातच मागितलेला असतो.

आपल्याकडे कुत्र्यांची निवड कामावरून होत होती, त्याचेही लेखी पुरावे आहेत. चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात शिकारी कुत्र्यांवर 'सारमेयविनोद' हे स्वतंत्र प्रकरण आहे. (त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपले कल्याण नव्हे.) डब्ल्यू. व्ही. सोमण यांचे भारतीय कुत्र्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९६३ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. दख्खनच्या माळावर सशामागे धावणारा कारवानी कुत्रा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात नावारूपाला आला. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. डोंबिवलीत पगची हौस वाढत होती, तेव्हाची ही गोष्ट. धावताना दम लागणारा कुत्रा माळावर निरुपयोगी, त्यामुळे त्याची पैदास कुणी मुद्दाम करत नसे. पण मुधोळलाही उद्या बंद नोंदवही आणि प्रदर्शनातली बक्षिसे एवढेच मिळाले, तर तोही त्याच वाटेने जाईल. देशी असणे हे काही कवच नाही.

आता आपला कायदा. ठाणे आणि कल्याण या दोन्ही महापालिका १९८०च्या दशकात स्थापन झाल्या, त्या १९४९च्या महापालिका अधिनियमाखाली. त्या अधिनियमात महापालिकेला कुत्र्यांवर कर बसवण्याचा अधिकार आहे. १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणे यांबद्दल बोलतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांना मान्यता दिली. दुखणे आणि आजार यांपासून मुक्तता हे त्यांतले एक. न्यायमूर्ती अजित शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये आपला २६१ वा अहवाल दिला, तो पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियम करण्याची गरज सांगणारा. २५ एप्रिल २०१६ रोजी व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आयात करण्यावर बंदी आली. २३ मे २०१७ रोजी श्वानपैदास आणि विक्रीचे नियम राजपत्रात निघाले.

हे नियम चांगले आहेत, हे आधी स्पष्ट म्हणतो. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचच. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी विकता येत नाही. ब्रीडरने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत पिंजरा ठेवून दर माजाला कुत्री व्यायला लावणाऱ्या माणसाला यातले प्रत्येक कलम लागू पडते. नियमांची सगळी दृष्टी मात्र विकणाऱ्याच्या वागण्यावर आहे. नियम तंतोतंत पाळून, प्रेमाने वाढवलेल्या पगच्या पिल्लालाही मे महिन्यात कल्याणमध्ये श्वास घेता येईलच असे नाही. आयातबंदीने तर एक नवा पेच तयार केला: देशात आधीच असलेल्या थोड्या कुत्र्यांतच पैदास फिरत राहिली, तर रक्ताची जवळीक वाढते. व्यापार रोखण्याचा हेतू योग्य असला, तरी हा परिणाम कुणी तरी मोजत राहायला हवा.

चेहऱ्याला माप लावता येते का? नेदरलँड्सने लावले. उट्रेख्त विद्यापीठाच्या २०१९च्या अहवालाने नाकाची लांबी आणि कवटीची लांबी यांचे गुणोत्तर धरले. ते ०.३ पेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास नाही, ०.५ किंवा अधिक असेल तर या बाबतीत अडचण नाही. नॉर्वेत प्रश्न न्यायालयात गेला. ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन्हींची पैदास बेकायदा ठरवली. अपिलात बुलडॉगपुरता निकाल फिरला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरवरची बंदी कायम ठेवली.

आपल्या २०१७च्या नियमांत पैदाशीपूर्वी पशुवैद्याने कुत्रा निरोगी असल्याचा दाखला द्यायचा आहे. नाक आणि कवटी मोजायला मोजपट्टी पुरते. नाकपुड्या उघड्या आहेत का ते डोळ्यांना दिसते. कुत्र्याला थोडे चालवून श्वासाचा आवाज स्टेथोस्कोपने ऐकता येतो. त्या दाखल्यात या तीन नोंदींसाठी जागा करायला नवा कायदा लागत नाही. १९६०च्या कायद्याचे ३८ वे कलम केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार देते, आणि २०१७चे नियम त्याच कलमाखाली झालेले आहेत.