दंड आणि राखी

उज्जयिनीस गेलेला यात्रेकरू महाकालेश्वराचे दर्शन आटोपून क्षिप्राकाठच्या भैरवगढास जातो आणि कालभैरवापुढे माथा टेकतो. क्षेत्राचे रक्षण करणारा, अपराध्यास शासन करणारा हा देव. आपल्या देवळांतही क्षेत्रपालाचे स्थान याच भावनेने राखलेले असते. कायद्याच्या व्यवसायामुळे आम्हांस या दंडधारी दैवताविषयी विशेष आदर आहे. परंतु दंडाने काय साधते आणि काय साधत नाही, हे दाखविणारी एक हकीकत उज्जैनच्याच शेजारी, देवास जिल्ह्यात घडली. ती एका ख्रिस्ती संन्यासिनीची आहे.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवळी येथे झाला. फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाची दीक्षा घेऊन त्या उत्तरेकडे आल्या आणि १९९२ साली देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे राहू लागल्या. भोवतालचा आदिवासी शेतकरी कर्जात बुडालेला होता. बाईंनी त्याला बचतीची सवय लावली, बँकेचा मार्ग दाखविला, सरकारी योजना समजावून सांगितल्या.

हे काम दिसावयास साधे आहे. पण त्याचे मोल महाराष्ट्राने जाणावे. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तथापि निरक्षर मनुष्याला कचेरीच्या दारापर्यंत कोणी हात धरून नेल्यावाचून कोणताही कायदा त्याचा होत नाही. राणी मारियांनी तो हात धरला, आणि ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांचा रोष ओढवून घेतला.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, सहप्रवाशांच्या देखत, एका तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्यांचे वय अवघे ४१ होते. दुसऱ्यांच्या चिथावणीने आपण हे केले, असे मारेकऱ्याने पुढे सांगितले. न्यायालयाने त्यास जन्मठेप दिली. दंडाचे काम तेथे पुरे झाले, आणि ते योग्यच झाले.

त्यापुढचे काम दंडाच्या हाती नव्हते. २००२ साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी तुरुंगात गेल्या आणि त्यांनी मारेकऱ्याच्या मनगटास राखी बांधली. कुटुंबीयांनी त्याच्या सुटकेस पाठिंबा दिला. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याला जवळ केले. ख्रिस्ती संन्यासिनीने क्षमेसाठी आपल्या श्रावणी पौर्णिमेचा धागा निवडावा, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांच्या धर्मपीठाने त्यांना ‘धन्य’ घोषित केले. तो मान त्यांच्या धर्मबांधवांचा. आम्हांस मात्र आपल्या समाजास एक विचारावेसे वाटते: देवस्थानांस मुक्तहस्ते देणगी देणारे आपल्यात पुष्कळ आहेत, कर्जबाजारी शेतकऱ्यापाशी बसून त्याचे खतपत्र त्याला वाचून दाखविणारे किती निघतील?