भेगेला भेग जुळवताना

2019 साल. तुम्ही नेदरलँड्समधल्या हेग शहरात, मॉरित्सहाउस संग्रहालयात आहात. समोर चित्रकार व्हर्मीरची मोत्याचं डूल घातलेली मुलगी, चौकटीतून बाहेर काढलेली. कॅनव्हास जेमतेम 44.5 बाय 39 सेंटिमीटरचा. हिरॉक्स कंपनीच्या एमिलियाँ लेओनहार्ट आणि व्हॅन्साँ साबातिए यांनी तिचा डिजिटल सूक्ष्मदर्शक त्यावर रोखला आहे. भिंग चित्राला न शिवता जरासं सरकतं, थांबतं, टिपतं, पुन्हा सरकतं.

स्क्रीनकडे बघा. तिथे मुलगी नाहीच. काही मिलिमीटरांचा तुकडा आहे, त्यात वाळलेला रंग आणि भेगांचं जाळं. एक भेग उजव्या कडेला जाऊन तुटते. पुढच्या फोटोत तीच भेग डावीकडे पुन्हा दिसते, कारण भिंग मुद्दामच थोडं कमी सरकवलं आहे. दोन्ही फोटोंत एक पट्टी सामाईक हवी. त्या पट्टीतल्या भेगा, रंगाचे कण ताडून सॉफ्टवेअर फोटोची जागा पक्की करतं. एका जोडात केसभर चूक राहिली तर ती पुढे साचत जाते, म्हणून वरच्या, खालच्या, बाजूच्या सगळ्याच शेजाऱ्यांशी ताळा घ्यावा लागतो. फोटोच्या कडांना उजेड कमी पडतो, तोही सारखा करावा लागतो. माझ्या मते जोडाची खरी कसोटी एकच: तिथे भेग दुहेरी दिसता कामा नये. चित्राचं जतन करणारे उद्या याच प्रतिमेवर विसंबून निर्णय घेणार आहेत.

असे सुमारे 9,100 फोटो. सगळे जुळले की 10 अब्ज पिक्सेलांची एकच प्रतिमा. एक पिक्सेल म्हणजे चित्रावरचे 4.4 मायक्रॉन.

आता त्या प्रतिमेत उतरा, थेट 1665च्या आसपासच्या, व्हर्मीरच्या डेल्फ्ट शहरात. रंग अजून ओला आहे. डोक्यावरच्या फडक्याचा निळा अफगाणिस्तानातल्या खाणींतून आलेल्या लाजवर्द दगडाचा. मोत्याजवळ या. वर पांढऱ्याचा जाड ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरचं पुसट प्रतिबिंब, बस्स. कानात अडकवायला कडीसुद्धा नाही! व्हर्मीरने मोती रंगवलाच नाही, त्यावर पडलेला उजेड रंगवला. आणि डोळ्यांभोवती पापण्यांचे बारीक केस आहेत. आज नुसत्या नजरेला ते दिसत नाहीत; 2018मध्ये सुरू झालेल्या तपासणीतून ते पुढे आले.

ही प्रतिमा इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. मोठ्या स्क्रीनवर उघडा, सवडीने मोठी करत जा आणि त्या मोत्यापर्यंत स्वतः जाऊन या.