भौतिकीच्या घरात चिलटं

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते १५ जानेवारी १९६२ रोजी झालं. त्याच वर्षी संस्थेत एक तरुण शास्त्रज्ञ जिवाणूंच्या बशा घेऊन दाखल झाला. गणित, विश्वकिरण आणि अणुकेंद्र यांच्यासाठी नावाजलेल्या या ठिकाणी जिवाणूंचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात वावगं काही नव्हतं. पण संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांची रीतच उलटी होती. विभाग काढून त्यात माणसं भरायची नाहीत. माणूस सापडला की त्याच्याभोवती काम उभं राहू द्यायचं. इथे सापडलेला माणूस होता ओबेद सिद्दिकी.

उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा जन्म, शिक्षण अलीगढला. दिल्लीत गव्हावर काम सुरू केलं आणि गारपिटीने प्रयोगाचं पीकच झोपवलं. मग ग्लासगोला ग्विदो पोंतेकोर्वो यांच्याकडे बुरशीच्या जनुकशास्त्रात डॉक्टरेट. तिथून अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्या प्रयोगशाळेत. भौतिकशास्त्रातून जीवशास्त्राकडे वळलेले लिओ झिलार्ड यांनी या तरुणाबद्दल भाभांना लिहिलं आणि पुढची सूत्रं हलली.

गॅरन यांच्याबरोबर केलेलं काम समजून घेण्यासारखं आहे. डीएनएची लिपी चार अक्षरांची. तीन अक्षरांचा एक शब्द, असे चौसष्ट शब्द. त्यांतले एकसष्ट शब्द कुठलं अमिनो आम्ल जोडायचं ते सांगतात, उरलेले तीन ‘प्रथिन इथे संपलं’ एवढंच सांगतात. एखादं अक्षर बदलून वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडला, तर प्रथिन अर्धवट राहतं. आज हे बारावीच्या पुस्तकात आहे, १९६२मध्ये नव्हतं. सांकेतिक लिपीतला पहिला शब्द वाचून जेमतेम वर्ष झालं होतं. गॅरन आणि सिद्दिकींना दिसलं ते एवढंच, की एक विशिष्ट विकर बनवू न शकणारा बिघडलेला जिवाणू आहे, पण तोच बिघाड दुसऱ्या एका वाणात नेला की विकर थोडंफार तयार होतं. म्हणजे दोष जनुकात तसाच आहे, तो वाचणाऱ्या यंत्रणेत मात्र काहीतरी वेगळं आहे. त्या तीन शब्दांचा उलगडा पुढे काही वर्षांत झाला. त्याची एक वाट या निरीक्षणातून गेली.

मुंबईत हात घातला तो जिवाणूंच्या संयोगाला. दाता जिवाणू दुसऱ्याला चिकटतो आणि आपला डीएनए एका टोकाकडून हळूहळू आत सोडतो. सगळा डीएनए जायला साधारण शंभर मिनिटं लागतात, आणि एवढा वेळ ती जोडी क्वचितच टिकते. पॅरिसमध्ये जाकोब आणि वोलमान यांनी या जोड्या ठरावीक वेळाने घुसळून तोडल्या आणि कुठलं जनुक कितव्या मिनिटाला पोचतं ते नोंदलं. जिवाणूच्या नकाशावरची अंतरं त्यामुळे मिनिटांत मोजायची पद्धत पडली. सिद्दिकींचा प्रश्न त्यापुढचा होता. आत शिरलेला डीएनए नव्या घरात खरोखर सांधला जातो, की त्याची नुसती नक्कल होते? किरणोत्सारी खूण लावून माग काढला तेव्हा दिसलं, की दात्याचा डीएनएच प्रत्यक्ष सांधला जातो.

२४ जानेवारी १९६६ला भाभांचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं. एका माणसाच्या मर्जीवर उभी राहिलेली कामं अशा वेळी सहसा गुंडाळली जातात. इथे तसं झालं नाही; एम. जी. के. मेनन संचालक झाले आणि जीवशास्त्राचा छोटा गट टिकला. पी. के. मैत्रा आणि झिटा लोबो यीस्टवर काम करत होते. ग्लुकोज वापरायचं तर पेशीने आधी त्याला फॉस्फेट जोडावं लागतं. यीस्टकडे त्यासाठी तीन विकरं असतात. तिन्ही एकेक करून निकामी केल्यावर काय होतं, हे या दोघांनी तपासलं. या कामाचा फारसा गवगवा झाला नाही, पण एक काम करणारी तीन जनुकं असली की दोष कसा झाकला जातो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं.

सत्तरच्या दशकात सिद्दिकी काही काळ कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्याकडे गेले. बेंझरही मूळचे भौतिकीचेच. तिथे हाती आली फळमाशी, म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारं आपलं चिलट. काही उत्परिवर्तित माश्या नेहमीच्या तापमानाला ठणठणीत असतात. उष्णता वाढवली की पाय वर करून पडतात आणि गार केलं की उठून चालू लागतात. अशा माश्यांमध्ये उष्णतेने नसांतला विद्युतसंदेश अडतो, हे दोघांनी १९७६मध्ये दाखवलं. त्यांतल्या एका जनुकातून नसांच्या आवरणातली सोडियमची वाट बनते, हे कळायला १९८९ उजाडलं.

परत आल्यावर प्रश्न निवडला तो वासाचा आणि चवीचा. हे काम मार्गी लागलं व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यामुळे. आईवडील गोव्याचे, जन्म नैरोबीचा, पदवी डब्लिनची. सिद्दिकींचा शोधनिबंध वाचून त्यांनी पत्र लिहिलं आणि पीएचडीसाठी थेट मुंबई गाठली. युरोपात शिकलेली मुलगी संशोधनासाठी भारताकडे निघाली, हे त्या काळात विरळाच.

त्यांची साधनं पाहिली तर हसू येईल. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. खालून माश्या सोडायच्या आणि कुठल्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचं. नर माशीत एक्स गुणसूत्र एकच असतं, त्यामुळे त्यावरचा दोष झाकायला दुसरी प्रत नसते आणि तो लगेच उघडा पडतो. अशा चाळणीतून काही वाण हाती आले, ज्यांना एका प्रकारचा वास कळत नव्हता, दुसऱ्या प्रकारचा मात्र नीट कळत होता. १९७८च्या त्यांच्या निबंधाचं वजन इथे आहे. नाक सरसकट बधिर झालं असतं तर त्यातून फारसं काही कळलं नसतं. निवडक वास हरवतो, म्हणजे वेगवेगळ्या वासांच्या वाटा जनुकांच्या पातळीवरच वेगळ्या आहेत.

गौरवलेखांत जे सहसा गाळलं जातं तेही सांगायला हवं. वास टिपणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुकं अखेर सापडली ती अमेरिकेत; लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना १९९१मध्ये उंदरात, आणि फळमाशीत १९९९मध्ये वेगवेगळ्या गटांना. नोबेल २००४मध्ये त्या दोघांना गेलं. प्रश्न कुलाब्यात आधी नेमका विचारला गेला होता, पण जनुक वेगळं काढून वाचायच्या तंत्रांचा वेग तिकडे जास्त होता. माझ्या मते या गटाचं खरं बळ शोधांच्या यादीपेक्षा माणसं घडवण्यात होतं. १९७५पासून भरणारं महाबळेश्वरचं चर्चासत्र त्याचाच भाग. परदेशातले नामांकित शास्त्रज्ञ आणि इथले होतकरू संशोधक काही दिवस एकाच ठिकाणी राहत, जेवत आणि वाद घालत. पुढे हे सत्र इतर गावांतही भरू लागलं, तरी नाव महाबळेश्वरचंच राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टाटा संस्थेचंच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र बेंगळुरूला कृषी विद्यापीठाच्या आवारात उभं राहू लागलं, संस्थापक संचालक सिद्दिकीच. फळमाशीवर काम केलेले त्यांचे विद्यार्थी के. विजयराघवन १९९६मध्ये तिथे संचालक झाले आणि २०१८मध्ये केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार. रॉड्रिग्ज यांनी कुलाब्याचा विभाग सांभाळला, नंतर त्याही बेंगळुरूला गेल्या. २०१०मध्ये त्यांचं निधन झालं. सिद्दिकी २०१३मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. ऐंशी ओलांडल्यावरही ते माशीच्या नाकाचा पिच्छा सोडायला तयार नव्हते.

जाणारे गेले, तरी कुलाब्याला टाळं लागलं नाही. तिथला गट पुढे जीवविज्ञान विभाग म्हणून वाढला आणि त्याने विषयही स्वतःचे निवडले. मलेरियाच्या परजीवीवर तिथे काम झालं. उष्णतेने कोसळणाऱ्या माश्यांवर वर्षानुवर्षं काम केलेले के. एस. कृष्णन शंखातल्या गोगलगायींच्या विषाकडे वळले, कारण त्या विषातली छोटी प्रथिनंही नसांमधल्या त्याच वाटा बंद करतात.