थांबलेले हृदय आणि दोन हात

प्रथमोपचाराची जुनी पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना होल्गर नीलसन पद्धत आठवेल. बुडालेल्या माणसाला पालथे झोपवायचे, पाठीवर दाब द्यायचा, मग कोपरे धरून त्याचे हात वर उचलायचे. नीलसन यांनी ही पद्धत १९३२ मध्ये मांडली. त्यापूर्वी सिल्व्हेस्टर (१८५८) आणि शेफर (१९०३) यांच्या पद्धती होत्या. छाती दाबली की हवा बाहेर जाते आणि फुलली की आत येते, हे या सर्वांनी गृहीत धरले होते. हवा घशातून आत शिरते का, हे मात्र फारसे कोणी नीट पाहिले नव्हते.

बेशुद्ध माणसाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकून घसा बंद होतो. मग छाती कितीही दाबली तरी काय उपयोग?

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जेम्स एलम यांनी १९५४ मध्ये दाखवले, की तोंडाने फुंकलेली हवा दुसऱ्या माणसाला पुरेशी असते. उच्छ्वासातील हवा म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असे आपली मुले उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत लिहितात. प्रत्यक्षात तिच्यात सुमारे १६ टक्के ऑक्सिजन असतो. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो.

पुढचा प्रयोग बाल्टिमोरच्या पीटर सफार यांनी केला. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. स्वयंसेवकांना गुंगी आणून, स्नायू लुळे पाडणारे औषध देऊन त्यांचा श्वास थांबवला गेला. मग प्रशिक्षण नसलेल्या सामान्य माणसांना त्यांच्या तोंडात हवा फुंकायला सांगितले. जुन्या पद्धतींनी हवा जेमतेम आत जाई. डोके मागे कलवून फुंकले की ती सहज जाई. हे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. असा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती सहजासहजी मान्य करणार नाही. पण त्याने एका वर्षात जे ठरवले, ते शतकभराच्या सवयीने ठरले नव्हते.

श्वासाचे असे झाले. हृदयाचे काय? रक्तपुरवठा थांबल्यापासून चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. त्या काळी शल्यविशारद छाती कापून, आत हात घालून हृदय दाबत. रस्त्यावर ते करणार कोण?

याचे उत्तर एका विद्युत अभियंत्याच्या प्रयोगशाळेत सापडले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोवेन विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करीत होते. वीज कंपन्यांना तारांवर काम करणाऱ्या कामगारांची काळजी होती. हृदयाची विस्कळीत थरथर थांबवण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर जड विद्युतअग्रे दाबली जात. १९५८ मध्ये गाय निकरबॉकर या विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की वीज सोडण्यापूर्वी, नुसत्या दाबानेच कुत्र्याच्या धमनीतला रक्तदाब चढतो. आलेखावरची ती लहानशी उसळी त्याने दुर्लक्षित केली नाही, हे महत्त्वाचे. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांनी १९५९ मध्ये ही युक्ती माणसावर वापरली. १९६० मध्ये तिघांचा लेख आला. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. उपकरण काहीच नको, दोन हात पुरेत, असा त्यांचा दावा होता.

७० टक्के! हा आकडा मात्र जपून वाचला पाहिजे. त्यांतले बरेच रुग्ण रुग्णालयातच, भुलेखाली असताना हृदय थांबलेले होते. शेजारी डॉक्टर उभे होते आणि एक क्षणही वाया गेला नव्हता. घरी किंवा रस्त्यावर कोसळलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. अमेरिकेसारख्या देशातही अशा दहांपैकी साधारण एकच जण रुग्णालयातून जिवंत घरी जातो. उपचार तोच, पण कोणत्या रुग्णांवर आणि किती मिनिटांनी केला, यावर आकडा फिरतो.

तिघांनाही त्या वेळी ठाऊक नसलेली एक गोष्ट जर्मन नियतकालिकात १८९२ पासून छापलेली होती. गटिंगेन येथील फ्रीड्रिख मास यांच्यासमोर नऊ वर्षांच्या एका मुलाचे हृदय क्लोरोफॉर्मच्या भुलेत थांबले. त्यांच्या गुरूंची रीत छाती मिनिटाला तीस-चाळीस वेळा दाबण्याची होती, तीही श्वासासाठी. तिचा गुण येईना, तेव्हा मास यांनी वेग खूप वाढवला. बाहुल्या आकुंचन पावल्या, मानेच्या धमनीत नाडी लागली, मुलगा वाचला. लेख छापला गेला आणि विसरला गेला. माझ्या मते याचे कारण सरळ आहे. हृदय हातात घेऊन दाबणे शल्यविशारदांना डोळ्यांनी दिसत होते. बाहेरून दाबल्यावर आत रक्त वाहते, हे दाखवणारा आलेख मास यांच्याजवळ नव्हता. निकरबॉकरजवळ होता.

दाबामुळे रक्त नेमके कसे वाहते, हा वादही पुढे रंगला. छातीचे हाड आणि पाठीचा कणा यांच्यात हृदय पिळले जाते, असे आधी मानत. १९७६ मध्ये असे आढळले, की हृदय थरथरत असताना जोरजोरात खोकणारे रुग्ण काही काळ शुद्धीवर राहू शकतात. तिथे हृदयावर कोणाचाच हात नव्हता. म्हणजे छातीतील एकूण दाबही रक्त ढकलतो. आज दोन्ही क्रिया मानल्या जातात. उत्तम दाब दिला तरी नेहमीच्या पाव ते एकतृतीयांश इतकेच रक्त वाहते. म्हणून दाबण्यात खंड पडता कामा नये.

१९६० च्या लेखात दाबण्याचा वेग मिनिटाला सुमारे ६० होता. आजच्या मार्गदर्शक सूचनांत तो १०० ते १२० आहे. मास यांनी त्या मुलाची छाती मिनिटाला १२० किंवा त्याहून अधिक वेळा दाबली होती.