जुन्या रेडिओग्रामचा जीर्णोद्धार

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. नागपूरचें १९४८ सालीं. तोंपर्यंत बुलढाणा जिल्ह्यांतील श्रोत्यांना छपरावर तार ताणून, खरखरींतून मुंबईचे स्वर वेचावे लागत. ऐपतदारांकडे रेडिओग्राम असे, म्हणजे एकाच लांकडी कपाटांत रेडिओ व ग्रामोफोन. असलें कपाट आज हातीं आलें कीं वारस आधीं पॉलिश करितात आणि लागलीच वीज जोडतात. घात होतो तो तेथेंच! आंतले कंडेन्सर सुकलेले असतात; एकदम पूर्ण दाब दिल्यास ट्रान्सफॉर्मरही जळतो, आणि तसा दुसरा मिळणें दुर्घट. कंडेन्सर बदलून मगच दाब हळूहळू चढवावा. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत लाख असते. त्या स्पिरिटनें पुसल्या, तर लाख विरघळते आणि गाणें कायमचें जातें.