तीन खिळे आणि एक कॅप्सूल : घरगुती मायक्रोफोनची कहाणी

१/
१ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानमध्ये ‘वॉकमन’ विक्रीस आणला. किंमत होती ३३,००० येन. यंत्र नवे होते, पण त्याचा सांगाडा जुनाच होता. वार्ताहरांसाठी तयार केलेला ‘प्रेसमन’ हा छोटा कॅसेट रेकॉर्डर घेऊन अभियंत्यांनी त्यातील ध्वनिमुद्रणाची सोय आणि स्पीकर काढून टाकले व त्या जागी स्टिरिओ ध्वनिवर्धक बसवला.

२/
ज्या यंत्रावर आवाज मुद्रित करता येत नाही ते विकत कोण घेणार, अशी शंका खुद्द कंपनीतच व्यक्त झाली होती. ती खोटी ठरली. पहिली ३०,००० यंत्रे ऑगस्टअखेरपर्यंत संपली. गंमत अशी की, या वॉकमनमध्ये मायक्रोफोन होता! नारिंगी बटण दाबले की तो सुरू होई आणि हेडफोन न काढता शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येई. फितीवर मात्र त्यातला एक शब्दही उतरत नसे.

३/
अशा रीतीने ऐकण्याचे यंत्र आणि आवाज टिपण्याचे यंत्र यांची फारकत झाली. पुढची तीस वर्षे जगभरच्या हौशी मंडळींनी घरी बनवलेला मायक्रोफोन खिशातल्या यंत्राला जोडून ही फारकत मिटवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या खटपटीचे मूळ मात्र वॉकमनच्या शंभर वर्षे आधीच्या लंडनमध्ये आहे.

४/
डेव्हिड एडवर्ड ह्यूज (१८३१–१९००) हा मूळचा संगीताचा प्राध्यापक. अमेरिकेत असताना त्याने अक्षरे छापणारे तारयंत्र शोधले आणि त्यातून मोठी संपत्ती मिळवली. १८७८ साली त्याने आपल्या नव्या प्रयोगांचा वृत्तांत रॉयल सोसायटीपुढे मांडला. प्रयोगाचे साहित्य कोणत्याही घरात सापडावे असे होते : खिळे, कोळशाचे तुकडे, लाख आणि लाकडी फळ्या.

५/
त्याची सर्वांत साधी रचना तीन खिळ्यांची होती. दोन खिळे समांतर ठेवायचे, तिसरा त्यांवर आडवा टेकवायचा, आणि त्यांतून बॅटरीचा प्रवाह टेलिफोनच्या श्रवणयंत्राकडे न्यायचा. खिळे एकमेकांना सैल टेकलेले असल्याने आवाजाच्या कंपनाने त्यांच्यातील स्पर्श घट्ट-सैल होई. त्याबरोबर विजेला होणारा विरोध बदले आणि प्रवाह आवाजासारखाच हेलकावे घेई. खिळ्यांच्या जागी कोळशाची कांडी बसवली, तेव्हा लाकडावर चालणाऱ्या माशीची पावलेही ऐकू येऊ लागली.

६/
ह्यूजने या शोधाचे पेटंट घेतले नाही. रचना उघड करून त्याने ती सर्वांसाठी मोकळी सोडली. कोळशाच्या ध्वनिप्रेषकावर स्वतः काम करत असलेला एडिसन संतापला. त्याने ह्यूजवर चौर्याचा आरोप केला आणि त्या वर्षी दोघांचा वाद वृत्तपत्रांत गाजला. श्रेयाचा निवाडा कसाही होवो, एक गोष्ट निश्चित झाली होती : खिळे आणि बॅटरी जवळ असलेल्या कोणालाही मायक्रोफोन करून पाहण्यासाठी परवानगीची गरज उरली नव्हती.

७/
कोळशाच्या मायक्रोफोनने टेलिफोनचे काम अनेक दशके चोख केले, पण त्यात सतत खरखर असे. संगीतासाठी तो अपुरा होता. ‘वेस्टर्न इलेक्ट्रिक’मधील ई. सी. वेंटे याने १९१७ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोनचे वर्णन प्रसिद्ध केले. धातूच्या पट्टीसमोर ताणलेला पातळ पडदा आवाजाने हलतो, दोहोंतील अंतर बदलते आणि त्यातून विद्युत संकेत उमटतो, हे त्याचे तत्त्व.

८/
या मायक्रोफोनचा आवाज स्वच्छ होता, पण त्याचे चोचलेही मोठे होते. पडदा भारित ठेवण्यासाठी सुमारे २०० व्होल्टचा पुरवठा लागे आणि संकेत इतका क्षीण असे की ध्वनिवर्धक अगदी शेजारीच ठेवावा लागे. ह्यूजने घराघरांत नेऊन ठेवलेला मायक्रोफोन येथे पुन्हा स्टुडिओच्या दाराआड गेला.

९/
ते दार उघडले १९६२ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. जर्मनीत जन्मलेला गेरहार्ड सेसलर आणि व्हर्जिनियातील कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेला जेम्स वेस्ट हे दोघे समवयस्क संशोधक. एका प्रकारच्या हेडफोनवर काम करताना त्यांना आढळले की, त्यातील प्लास्टिकचा पापुद्रा विद्युतभार स्वतःमध्ये धरून ठेवतो आणि बाहेरचा पुरवठा काढून घेतला तरी तो भार टिकून राहतो.

१०/
चुंबक जसा चुंबकत्व जपतो तसा विद्युतभार जपणाऱ्या अशा पदार्थाला ‘इलेक्ट्रेट’ हे नाव ऑलिव्हर हेविसाइडने १८८५ मध्येच दिले होते. जपानच्या मोतोतारो एगुचीने पुढे मेण आणि राळ यांपासून तो बनवूनही दाखवला. सेसलर आणि वेस्ट यांनी तो टेफ्लॉनच्या पापुद्र्यात आणला. १९६४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. आता पडदा कायमचाच भारित असल्याने २०० व्होल्टची गरज संपली.

११/
पुढे याच पडद्यामागे एक चिमुकला ट्रान्झिस्टर बसवण्यात आला. त्याला दीड-दोन व्होल्ट पुरतात. नखाएवढ्या धातूच्या डबीत संपूर्ण मायक्रोफोन मावू लागला. हीच ‘इलेक्ट्रेट कॅप्सूल’. टेलिफोन, टेपरेकॉर्डर, खेळणी, श्रवणयंत्रे अशा असंख्य वस्तूंसाठी ती प्रचंड संख्येने तयार होऊ लागली आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत अत्यल्प किमतीत मिळू लागली.

१२/
घरगुती मायक्रोफोनची कृती येथून पुन्हा सोपी झाली. कॅप्सूलच्या पाठीवर दोन बिंदू असतात. त्यांपैकी जो बाहेरच्या धातूला जोडलेला, तो भूमीचा, दुसरा संकेताचा. दोन्हींना जाळीचे आवरण असलेल्या तारेचा डाख द्यायचा आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरचा प्लग लावायचा. डाख देताना हात चपळ हवा. कारण उष्णता फार वेळ लागली, तर कॅप्सूल निकामी होण्याचा धोका असतो.

१३/
अनेक रेकॉर्डर मायक्रोफोनच्या जॅकमधूनच हे दीड-दोन व्होल्ट पुरवतात. ज्या यंत्रात ती सोय नसे त्यासाठी एका छोट्या डबीत बॅटरी, एक रोध आणि एक धारित्र बसवले जाई. रोधातून कॅप्सूलला वीज मिळे आणि धारित्र ती वीज अडवून फक्त आवाजाचा संकेत पुढे जाऊ देई. दोन कानांजवळ दोन कॅप्सूल लावल्या की हेडफोनवर ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष त्या जागी बसल्याचा भास होई.

१४/
अडचण उरली ती यंत्रांची. १९८२ मध्ये सोनीने ‘वॉकमन प्रोफेशनल’ काढला. त्यात मायक्रोफोनसाठी जॅक होता, पण तो महागड्या यंत्रांत मोडे. याच काळात अमेरिकेत मैफली टिपणाऱ्यांचा एक समाजच तयार झाला होता. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक गायक-वादक मंडळींनी ऑक्टोबर १९८४ पासून आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा राखून ठेवली. रंगमंचावरच्या कलावंतांनी श्रोत्याचा टिपण्याचा हक्क उघडपणे मान्य केल्याचे हे ठळक उदाहरण.

१५/
उद्योगविश्व मात्र इतके उदार नव्हते. १९९२ मध्ये मिनीडिस्क आली. खिशात मावणारी, स्वच्छ डिजिटल ध्वनिमुद्रण करणारी. घरगुती मायक्रोफोनची जणू आदर्श जोडीदारीण! परंतु २००१ मध्ये संगणकाशी जोडता येणारी ‘नेटएमडी’ यंत्रे निघाली, तेव्हा गाणी संगणकावरून यंत्रात उतरवण्याचा मार्ग खुला झाला आणि उलट दिशेचा बंद राहिला. स्वतःच्या मायक्रोफोनने टिपलेला स्वतःचा आवाजही डिजिटल स्वरूपात संगणकावर नेता येत नसे.

१६/
यामागे गाण्यांच्या बेकायदा नकला होण्याची भीती होती. तिचा भुर्दंड पाखरांचे आवाज किंवा घरातील वृद्धांच्या आठवणी टिपणाऱ्यांनाही बसला. तासाभराचे ध्वनिमुद्रण तासभर वाजवून, हेडफोनच्या वाटेने संगणकावर पुन्हा मुद्रित करावे लागे. २००४ मध्ये ‘हाय-एमडी’ आल्यावर नव्या ध्वनिमुद्रणांपुरती ही कोंडी फुटली. तोवर बाजाराचे लक्ष दुसरीकडे वळले होते.

१७/
ॲपलचा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झाला, तोही केवळ ऐकण्यासाठी. २००३ मध्ये त्याला जोडता येणारे तयार मायक्रोफोन बाजारात आले. मात्र आयपॉडची प्रणाली आवाजाचे सेकंदाला केवळ ८,००० नमुने घेई. सीडीसाठी ते ४४,१०० असतात. परिणामी ४,००० हर्ट्‌झच्या वरचा आवाज गळून पडे. बाहेर कितीही उत्तम कॅप्सूल लावली, तरी आतला दरवाजा टेलिफोनच्या आवाजाइतकाच रुंद होता.

१८/
२००८ च्या दुसऱ्या पिढीच्या ‘आयपॉड टच’मध्ये अंगचा मायक्रोफोन नव्हता, पण हेडफोनच्या जॅकमध्ये त्याची वाट होती. प्लगवर तीनऐवजी चार कडी असत : डावा कान, उजवा कान, भूमी आणि शेवटी मायक्रोफोन. चार कड्यांचा प्लग मिळवून शेवटच्या दोन कड्यांमध्ये कॅप्सूल जोडली की काम होई. मात्र काही अन्य कंपन्यांच्या यंत्रांत या शेवटच्या दोन कड्या उलट क्रमाने असत, त्यामुळे एकासाठी बनवलेला मायक्रोफोन दुसऱ्यावर मुका राही.

१९/
सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या ‘आयपॉड टच’मध्ये मायक्रोफोन आतच बसवलेला होता. स्मार्टफोन पसरले आणि ऐकणे व टिपणे ही दोन्ही कामे पुन्हा एका यंत्रात आली. १९७९ मध्ये काढून टाकलेली सोय तीस वर्षांनी सर्वसामान्यांच्या खिशात परतली.

२०/
या तीस वर्षांत मायक्रोफोन ही दुर्मीळ वस्तू कधीच नव्हती. ह्यूजने तिचे गुपित वाटून टाकले होते आणि सेसलर-वेस्ट यांच्या शोधाने ती कवडीमोल किमतीत आणून ठेवली होती. अडसर होता तो यंत्राच्या कडेला असलेल्या, किंवा मुद्दाम न ठेवलेल्या, एका छोट्या भोकाचा. आपल्या भोवतीचा आवाज कोणी जपून ठेवावा, हे अनेकदा त्या भोकावर ठरले. ज्यांनी घरी डाख देऊन ते भोक आपल्यापुरते उघडून घेतले, त्यांच्या फिती आणि तबकड्यांमध्ये आज त्या काळच्या मैफली, रस्ते आणि माणसांचे आवाज जिवंत आहेत.